शालेय आरोग्य तपासणीनंतरच्या पाठपुराव्याचे काय?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की काही दिवसांतच विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीच्या बातम्या छायाचित्रांसह प्रसिद्ध होऊ लागतात. अमुक शाळेत इतक्या मुलांची तपासणी झाली, इतक्यांना पुढील उपचारांसाठी पाठवण्यात आले, असे त्यांत लिहिलेले असते आणि बातमी तिथेच संपते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यांतली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. अशा अनेक तपासण्या मी स्वतः घडवून आणल्या, त्यांचे अहवाल वेळेत पाठवले आणि त्याबद्दल समाधानही मानले. आज मागे वळून पाहताना जाणवते की, ज्या मुलांना ‘पुढील उपचारांसाठी पाठवले’ असे आम्ही लिहीत होतो, त्यांच्यापैकी किती जण खरोखर रुग्णालयापर्यंत पोहोचले, हे सांगणारा एकही कागद माझ्या शाळेच्या कपाटात नव्हता. या एकाच मुद्द्याकडे आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून पालकांचे, शिक्षकांचे आणि आरोग्य व शिक्षण या दोन्ही विभागांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे योजनांची उणीव नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. शाळकरी मुलांच्या आरोग्याचा विचार देशातील आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालापासून होत आला आहे आणि १९६०मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी स्वतंत्र समितीही नेमली गेली होती. आज गावोगावच्या शाळांत पथके जातात ती ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जातात, त्याची सुरुवात तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातल्या, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, पोषक घटकांची कमतरता आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी वेळेत हेरायच्या, हा त्याचा हेतू. दोन आयुष डॉक्टर, शक्यतो एक पुरुष व एक महिला, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. मुलांचे वजन-उंची घेते, डोळे, कान, दात, त्वचा आणि हृदयाचे ठोके तपासते, आणि शंका आली तर संदर्भ चिठ्ठी, म्हणजे पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी, देते. पुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी साखळी आखलेली आहे. गरज पडल्यास शस्त्रक्रियेचा खर्चही शासन उचलते. या कार्यक्रमामुळे हृदयाची शस्त्रक्रिया होऊन आज धावणारी-खेळणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु शाळा आणि रुग्णालय यांच्यामधली जी कडी आहे, ती केवळ त्या चिठ्ठीच्या कागदावर अवलंबून आहे.

सहावीतल्या एका मुलीचे उदाहरण मला आजही अस्वस्थ करते. पथकाने तपासणीत तिला दृष्टिदोष असल्याचे नोंदवले, चिठ्ठी दिली, मी तिच्या दप्तरात ती ठेवायला लावली आणि आईवडिलांना दाखव असे सांगितले. पुढच्या वर्षी तेच पथक आले, त्याच मुलीची तपासणी झाली आणि तीच नोंद पुन्हा लिहिली गेली. मधल्या वर्षभरात वर्गशिक्षक तिला गणितात कच्ची समजत होते, कारण ती फळ्यावरून आकडे उतरवताना १ आणि ९ यांत, ५ आणि ४ यांत गोंधळ करत असे आणि मग सगळेच उत्तर चुकत असे. चौकशी केली तेव्हा कळले की, चिठ्ठी घरी पोहोचली होती. वडील दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जात, आई द्राक्षबागेत कामाला. तालुक्याच्या रुग्णालयात नेत्रतपासणीचा दिवस ठरलेला, तो कोणता हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. एकदा गेले तेव्हा संबंधित कर्मचारी नव्हते, दोघांचा दिवसाचा रोज बुडाला, आणि मुलीला तसे काही दुखत-खुपत नाही म्हणून पुन्हा जाणे राहून गेले. तिला अखेर चष्मा मिळाला तो आमच्या एका सहकारी शिक्षकाने सुट्टीच्या दिवशी तिला सोबत नेले तेव्हा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो, त्यामुळे त्या कुटुंबाचा चष्म्यासाठी एक रुपयाही लागला नाही. अडले होते ते केवळ कुणीतरी दिवस विचारून घेण्यापाशी आणि बरोबर जाण्यापाशी. त्या दीड वर्षात तिच्या मनात गणिताची जी धास्ती बसली, ती चष्म्याने गेली नाही. त्या शाळेची मुख्याध्यापिका मी होते, म्हणून हा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

डोळ्यांचा दोष निदान दिसून येतो. कान वाहणारे मूल मात्र वर्षानुवर्षे तसेच बसते. सर्दी झाली की कान वाहतो, असे घरचे सहज म्हणतात. तेल घालतात, कापूस लावतात आणि हळूहळू त्याला ऐकू कमी येऊ लागते तेव्हा ते मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते. याहून गंभीर आहे संधिवाताच्या तापाची गोष्ट. विशिष्ट जिवाणूंमुळे घसा सुजतो, त्यावर पुरते उपचार होत नाहीत, काही आठवड्यांनी गुडघे-घोटे दुखू लागतात आणि त्यातूनच हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. असे मूल हेरले गेले तर त्याला साधारण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. एक जरी पाळी चुकली तरी धोका वाढतो. अशा उपचारांत एका दिवसाच्या तपासणीला महत्त्व किती आणि पुढच्या वर्षानुवर्षांच्या आठवणीला किती, हे वेगळे सांगायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर यांसारख्या जिल्ह्यांतील शाळांत त्वचेवरच्या फिकट, बधिर चट्ट्यांकडे, म्हणजेच कुष्ठरोगाच्या पहिल्या खुणेकडे, असेच बारकाईने पाहावे लागते. औषध मोफत आहे, वेळेत सुरू झाले तर विकृती टळते, पण ते महिनोन्‌महिने नेमाने घ्यावे लागते.

रक्तक्षयाबाबत तर एक मोठा गैरसमज मी शिक्षकांमध्येही पाहिला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. यासाठी शाळांतून आठवड्याला एक लोहगोळी दिली जाते, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरील मुलांना निळी. ही गोळी जेवणानंतर द्यावी, तिच्यासोबत चहा टाळावा, लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते, शौचाला काळसर झाल्यास घाबरू नये, या गोष्टी न सांगितल्यामुळे कितीतरी गोळ्या खिडकीबाहेर जातात. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळीही चावून खायची असते, हे सांगायचे राहते. पण मुख्य मुद्दा निराळा आहे. आठवड्याची निळी गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आठच्या घरात आले आहे, तिच्यासाठी ती पुरेशी नाही. तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजचे उपचार हवेत, कारण शोधायला हवे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला हवे. शाळेत मात्र ‘गोळ्या चालू आहेत’ एवढ्या शेऱ्यावर तिची नोंद पूर्ण समजली जाते. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसणाऱ्या मुलींना आपण पाणी पाजतो, सावलीत बसवतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि त्यांची मुले दिवाळीनंतर आमच्या वर्गांत बसतात. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कोयता थांबला की ती परत जातात. गावाकडच्या शाळेत तपासणी ज्या महिन्यात झाली तेव्हा ती इकडे असतात, आणि इकडे पथक येऊन गेल्यावर ती दाखल होतात. कुणाची तपासणी तिकडे झाली असलीच, तर तिचे कार्ड तिकडच्या शाळेत राहते. एका हंगामात आलेल्या दुसरीतल्या मुलाला थोडे धावले की धाप लागत असे. त्याच्या आजीने सांगितले, ‘गावाकडं डाक्टरनी ठोक्यांत आवाज हाय म्हणून चिठ्ठी दिली होती, ती घरीच ऱ्हायली.’ आम्ही त्याला पुन्हा तपासून घेतले, पुन्हा नवी चिठ्ठी मिळाली, आणि पुढची तारीख यायच्या आत कुटुंब परतले. त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. स्थलांतरित मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून राज्यात ‘शिक्षण हमी कार्ड’ देण्याची पद्धत आहे. ज्या गावी मूल जाते तिथल्या शाळेने ते पाहून त्याला सामावून घ्यावे, अशी अपेक्षा असते. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला मुलाच्या लसी, आढळलेला दोष आणि अर्धवट राहिलेला उपचार यांची चार ओळींची नोंद करणे अवघड नाही. साखर कारखान्याच्या तळावर आरोग्य कर्मचारी जातातच. त्यांना ते कार्ड दाखवता आले तर साखळी तुटणार नाही.

आणखी एका मोठ्या गटाचा विचार या सगळ्यात होतच नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय आणि अनुदानित शाळांत जातात. आता लहान गावांतही विनाअनुदानित शाळा निघाल्या आहेत आणि पोटाला चिमटा घेऊन तिथे मुले घालणारे पालक काही श्रीमंत नाहीत. अशा शाळांच्या प्रवेश अर्जात ‘वैद्यकीय प्रमाणपत्र’ असा एक रकाना असतो. ते प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून मुलाला न नेताच मिळते, हे आपण सारे जाणतो. प्रवेशाच्या वेळी शाळेने खरोखर विचारायला हवे ते वेगळेच आहे. मुलाला फिट येते का, दमा आहे का, पहिल्या प्रकारचा मधुमेह असून इन्सुलिन चालू आहे का, एखाद्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी आहे का, कुटुंबात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, आणि तातडीने कुणाला बोलवायचे. फिट आलेल्या मुलाला आजही चप्पल किंवा कांदा हुंगवला जातो, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घातला जातो. प्रत्यक्षात त्याला एका कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय गाठायचे, एवढेच शिक्षकाला ठाऊक असले तरी पुरे. सिकलसेलचे मूल असेल तर त्याला वारंवार पाणी पिऊ द्यावे आणि उन्हात दमेपर्यंत कवायत करून घेऊ नये, हे नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील प्रत्येक शिक्षकाला माहीत असले पाहिजे. ही माहिती वर्गात मोठ्याने वाचली जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आजाराचे नाव चारचौघांत उच्चारले गेल्यामुळे शाळा सोडू पाहणारी मुलगी मी समजावून परत आणली आहे.

लसींची नोंदही याच वेळी पाहता येते. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाणारी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस या तिन्ही लसी शाळेच्या वयातच येतात, म्हणजे ढोबळमानाने पहिलीत, पाचवीत आणि दहावीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा समाजमाध्यमांवरील अफवांनी बिथरलेल्या पालकांशी बोलत आम्ही कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत आणि भिवंडी, मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा त्या संध्याकाळी वाया गेल्या नव्हत्या, असे मला वाटले. लसीचे कार्ड नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवू नये. शिक्षण हा त्याचा हक्क आहे. पण कार्ड नाही हे लक्षात आल्यावर ती गोष्ट आशाताईंपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचली पाहिजे.

याच संदर्भात शाळांमधील एका चांगल्या हेतूच्या प्रथेबद्दल थोडे लिहावेसे वाटते. शंभर टक्के उपस्थितीबद्दल बक्षीस देण्याची पद्धत बहुतेक शाळांत आहे, माझ्याही शाळेत होती. त्या बक्षिसापायी तापाने फणफणलेली मुले शाळेत आलेली मी पाहिली आहेत. कांजण्यांच्या सर्व पुळ्यांवर खपली धरेपर्यंत, गालगुंडाची सूज आल्यापासून पाच दिवस आणि गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाने घरी राहिलेच पाहिजे. आजारपणाची रजा उपस्थितीच्या बक्षिसातून वगळली, एवढा बदल मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात उद्यापासून करू शकतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझी मागणी नव्या योजनेची नाही. प्रत्येक शाळेत तपासणीनंतरच्या पाठपुराव्याची एक साधी वही असावी. पथक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी, संदर्भ चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आढळलेला दोष, कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी जायचे ते, आणि पालकांना कुणी व केव्हा सांगितले, हे तीत लिहिले जावे. मूल जाऊन आले की डॉक्टरांनी काय सांगितले आणि पुढची तारीख कोणती, हे त्याच ओळीत पुढे यावे. महिन्यातून एकदा शिक्षक, आशाताई आणि उपकेंद्राच्या परिचारिका यांनी ती वही एकत्र बसून पाहावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. समितीच्या बैठकीत मुलांची नावे न घेता, किती चिठ्ठ्या दिल्या आणि किती मुले जाऊन आली, हे दोन आकडे सांगितले जावेत. पालकांना आपल्या शाळेबद्दल हे विचारण्याचा अधिकार आहे, पण विचारायची सवय नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने महिन्यातला एक शनिवार शाळकरी मुलांसाठी ठरवून दिला, त्या दिवशी डोळे, कान आणि दात तपासणारे कर्मचारी हजर ठेवले आणि सकाळची शाळा सुटल्यावर तीन-चार शाळांची मुले मिळून एका गाडीने नेली, तर मजुरी बुडवून एकेका आईला एसटीच्या थांब्यावर उभे राहावे लागणार नाही. मोठ्या मुलांना नेताना पालकांची लेखी संमती पुरेशी ठरावी, लहानग्यांबरोबर पालकांपैकी एकाने यावे.

यावर शिक्षक बंधुभगिनींचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आणि तो मला मान्य आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब यांत शिक्षकाचा दिवस जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले असतानाही कामे वाढतच जातात. म्हणून ही वही आणखी एक कागद ठरू नये. आयुष्मान भारतच्या २०२०मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक शिक्षक व एक शिक्षिका यांना, प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ नेमण्याची तरतूद आहे आणि त्यांना आठवड्याला एक तासिका दिलेली आहे. त्यातलीच महिन्याची एक तासिका या वहीसाठी राखून ठेवावी आणि त्या बदल्यात तपासणीचे जे तेच ते आकडे निरनिराळ्या तक्त्यांत मागवले जातात ते थांबवावेत. तपासलेल्या मुलांची संख्या वरिष्ठ कार्यालय विचारते म्हणून शाळा ती मोजते. बरी झालेल्या मुलांची संख्या विचारली जाऊ लागली, तर शाळा तीही मोजू लागतील, याची मला खात्री आहे.

ज्या शाळेतून मी निवृत्त झाले, तिथल्या विद्यमान मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या जूनपासून ही वही त्यांच्याकडे सुरू व्हावी, यासाठी दर महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी मुलांसोबत रुग्णालयात जाण्याची तयारी मी लेखी कळवली असून त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना दिली आहे. तालुक्यात माझ्यासारखे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या जुन्या शाळेत जाऊन या वर्षीच्या संदर्भ चिठ्ठ्यांची चौकशी करावी, अशी त्यांना नम्र विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
ता. जुन्नर, जि. पुणे